ज्या गाण्यात आपणच खलनायक असतो

जुलै २०१०. मणिपूर. इंफाळहून दक्षिणेला जाणाऱ्या टिड्डिम रोडवर आमच्या कंपनीचा एक नाका होता. नेमकी जागा सांगत नाही. ती सवय आता हाडात मुरली आहे. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला टेकडी, मध्ये वाळूच्या पोत्यांचा मोर्चा आणि त्यावर निळी ताडपत्री. मी तेव्हा मेजर होतो, कंपनी कमांडर होतो, आणि त्या दिवशी नुसताच बघत उभा होतो.

बसमधून सगळे उतरले. रांग लागली. रांगेत विशीतला एक मुलगा होता, खांद्याला काळ्या रेक्झिनची गिटारची पिशवी. लांब पिशवी दिसली की उघडायचीच, हा नियम. नियम बरोबरच आहे. तेवढ्याच लांबीच्या पिशव्यांतून काय काय नेलं जातं ते आम्ही पाहिलेलं होतं. जवानाने खूण केली, मुलाने चेन उघडली. पाऊस कोसळत होता. जवानाने गिटार बाहेर काढली, उलटी केली, हलवून पाहिली, भोकातून बॅटरीचा उजेड आत टाकला. गिटारच्या पोटात पाणी गेलं. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम. मुलगा काही बोलला नाही. शर्टाच्या बाहीने त्याने तारा पुसल्या. बाहीही भिजलेलीच होती. मग पिशवी बंद करून तो बसमध्ये चढला.

कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उचलला नाही. रिपोर्टमध्ये लिहिण्यासारखं काहीच घडलं नाही. ताडपत्री चार पावलांवर होती. 'इकडे आडोशाला ये' एवढं म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी म्हटलं नाही, कारण मला ते सुचलंच नाही.

त्याच पावसाळ्यात माझ्याकडे एक पेन ड्राइव्ह आला. रस्त्याच्या कामावर एक स्थानिक ज्युनिअर इंजिनिअर होता, मैतेई. पूल खचला, दरड आली की त्याला आमची गरज पडे आणि आम्हाला त्याची. कामापुरतं बोलता बोलता चहापर्यंत ओळख गेली होती. एक दिवस चहा पिताना म्हणाला, "मेजरसाहेब, तुम्ही ज्या रस्त्यावर बसलाय ना, त्याच्या नावाचा एक अल्बम आलाय. आमच्या इंफाळच्या पोरांचा आहे. पहिलाच. ऐकाल का?"

अल्बमचं नाव 'टिड्डिम रोड'. बँडचं नाव 'इंफाळ टॉकीज'.

आता फौजी माणसाला 'टिड्डिम रोड' म्हटलं की काय आठवतं ते माझ्या माजी सैनिक वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. इंफाळपासून ब्रह्मदेशातल्या टिड्डिमपर्यंत डोंगरातून जाणारा हा रस्ता. मार्च १९४४ मध्ये जपानी फौज इंफाळवर चालून आली, तेव्हा टिड्डिमकडे असलेली १७वी भारतीय डिव्हिजन मेजर जनरल कॉवन यांनी याच रस्त्याने लढत लढत मागे आणली. जपान्यांची ३३वी डिव्हिजन मागे लागलेली, काही ठिकाणी पुढे जाऊन वाट अडवून बसलेली. पुढे चार महिने या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लढाई पेटली होती. बिष्णुपूरजवळ सुभेदार नेत्रबहादूर थापा आणि नाईक अगनसिंग राय या ५ गोरखा रायफल्सच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, थापांना मरणोत्तर. त्याच रस्त्यावर मोइरांगला १४ एप्रिल १९४४ रोजी आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. इंफाळपासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरवर रेड हिल आहे आणि तिच्या पायथ्याशी जपान्यांनी आपल्या मृतांसाठी बांधलेलं स्मारक. एकाच रस्त्यावर तीन सैन्यांच्या आठवणी. आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्टही त्याच मोहिमेतली आहे, फक्त दुसऱ्या दिशेला: उखरूलकडच्या सांगशाकला ५०व्या पॅराशूट ब्रिगेडसोबत चौथी मराठा पलटण मार्च १९४४ मध्ये लढली होती.

त्यामुळे अल्बमचं नाव ऐकून मी मनातल्या मनात खूश झालो. वाटलं, पोरांनी लढाईवर गाणी केली असतील. पोवाड्यासारखं काहीतरी असेल. खडकवासल्याला तीन वर्षं घासून निघालेल्या माणसाच्या डोक्यात 'इतिहास' या शब्दाची एकच फाइल उघडते.

रॉक मला नवीन नव्हतं. एनडीएत आमच्या स्क्वाड्रनमध्ये ईशान्येकडचा एक कोर्समेट होता. ड्रिलला तो आमच्याइतकाच वाईट होता, पण हातात गिटार आली की सीनिअरसुद्धा गप्प बसत. लिबर्टीच्या दिवशी आम्ही पुण्यात मिसळ आणि सिनेमाच्या मागे. हा कॅसेटच्या दुकानात. त्याच्याकडूनच कळलं की तिकडे डोंगरातल्या प्रत्येक गावात चर्च असतं, चर्चमध्ये चार सुरांत गाणारा कॉयर असतो, आणि तिथून गिटारपर्यंतची वाट फार लांब नसते. इंफाळच्या खोऱ्यातली परंपरा वेगळी. तिथे वैष्णव संकीर्तन, पुंग नावाचा ढोल, पेना नावाचं एकतारी वाद्य. पण गिटार दोन्हीकडे पोचली आणि रुजली. त्यात आणखी एक गोष्ट. २००० सालापासून एका बंडखोर संघटनेच्या फतव्यामुळे मणिपुरात हिंदी चित्रपट दाखवणं बंद झालं. म्हणजे उरलेला भारत ज्या गाण्यांवर वाढत होता, ती गाणी तिथल्या थिएटरांतून गायब. अशा गावातल्या पोरांनी आपल्या बँडला 'टॉकीज' नाव द्यावं, यातला चिमटा मला फार नंतर कळला.

रात्री जनरेटर चालू असेपर्यंत लॅपटॉप चाले. त्या उन्हाळ्यात महामार्गांच्या नाकेबंदीने दोन महिने राज्याचा गळा आवळला होता, डिझेल मोजून वापरायची सवय लागली होती, त्यामुळे ऐकायला तास-दीड तास मिळाला. पोवाडा वगैरे काही नव्हतं. गिटार आणि गळा पुढे, बाकी सगळं मागे. गाणारा गात कमी आणि सांगत जास्त होता. रेकॉर्डिंगवर फार मुलामा नव्हता. शब्द बरेचसे मणिपुरी, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट भाषेशिवाय कळत होती: हा माणूस कोणाला खूश करायला गात नाहीये.

सुभेदारसाहेब हिशेबाची वही घेऊन आले होते. सांगली जिल्ह्यातला माणूस, घरी भजनी मंडळ. दोन गाणी उभ्या उभ्या ऐकली आणि म्हणाले, "साहेब, हा रडतोय का शिव्या देतोय?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"दोन्ही असंल," म्हणाले, आणि वही पुढे केली.

दुसऱ्या आठवड्यात इंजिनिअर आला तेव्हा मी त्याला अर्थ विचारला. तो जरा घुटमळला. मग त्याने सांगितलं. गाणी आजच्या रस्त्याबद्दल होती, १९४४ बद्दल नव्हे. बंदुकीच्या धाकात वाढलेल्या गावाबद्दल. बंद, कर्फ्यू, झडती, घरी न आलेली माणसं, आणि ज्या कायद्याखाली मी त्या नाक्यावर उभा होतो तो कायदा. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, चहाच्या कपाकडे बघत होता. म्हणजे ती गाणी चालू असताना लॅपटॉपसमोर बसलेला मीच त्या गाण्यातला माणूस होतो, आणि चांगल्या बाजूचा नव्हतो.

मला राग आला. हे प्रामाणिकपणे लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चार महिन्यांपूर्वी आमच्या पलटणीतला एक मुलगा रस्त्यावर पेरलेल्या स्फोटकाने पाय गमावून बसला होता. रोज पहाटे साडेतीनला उठून रस्ता पायी तपासणारी माझी पोरं, सहा-सहा महिने घर न बघितलेली. आणि हे शहरातले गिटारवाले आम्हाला शिकवणार? मी पेन ड्राइव्ह परत दिला. 'छान आहे' एवढंच म्हणालो. इंजिनिअरही 'हो' एवढंच म्हणाला. त्यानंतर चहा झाला, पण गाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो राग का चुकीचा होता हे मला मणिपुरात कळलं नाही. ते कळलं पाच वर्षांनी, बंगालमध्ये, एका क्वार्टरच्या व्हरांड्यात.

तेव्हा माझी बदली उत्तर बंगालमधल्या एका छावणीत झाली होती. शेजारी एक बंगाली अधिकारी, त्यांना दीड वर्षांची मुलगी. एका संध्याकाळी वीज गेली, आम्ही सगळे बाहेर बसलो. वहिनी मुलीला मांडीवर घेऊन काहीतरी गुणगुणत होत्या. साधी, गोड, हेलकावे घेणारी चाल. माझ्या बायकोने विचारलं, "कसलं गाणं आहे हो?" वहिनी थांबल्या, हसल्या, आणि जरा ओशाळून म्हणाल्या, "तुम्हाला सांगायला नको खरं तर. हे तुमच्याबद्दल आहे."

बंगालमधलं अगदी घरोघरचं अंगाईगीत आहे ते. बाळ झोपलं, वस्ती शांत झाली, आणि देशात 'बर्गी' आले. आता पिकं तर गेली, सारा कुठून भरायचा, असा त्याचा आशय. बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगालवर चालून गेल्या, भास्करपंत कोल्हटकरांनी नेतृत्व केलं, १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीला बोलावून दगा देऊन मारलं, अखेर १७५१ च्या तहात चौथाई मिळाली आणि ओरिसा हाती आलं. आम्ही हे असं शिकलो. मोहीम, दगा, तह, चौथाई. आम्ही शिकलो त्या इतिहासात शेतकऱ्याचं घर नव्हतं. ते घर त्या अंगाईत राहिलं. पावणेतीनशे वर्षं झाली, फौजा गेल्या, नवाब गेला, कंपनी सरकार येऊन गेलं, आणि बंगाली बाळ अजून आपल्या नावाच्या भीतीवर झोपतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते नाटकी होईल. झोप लागली. पण सकाळी दाढी करताना आठवला तो भिजलेला गिटारवाला मुलगा.

मुद्दा असा आहे. युद्धाचा इतिहास पलटण लिहिते: तारीख, वेळ, किती गेले, काय मिळालं. उंबऱ्याच्या आतला इतिहास गाण्यात राहतो. आणि पलटणीचा इतिहास लायब्ररीत धूळ खात पडतो तेव्हाही गाणं कोणाच्या तरी तोंडात असतं. भास्करपंतांच्या फौजेतल्या एखाद्या सरदाराला ती अंगाई कळली असती, तर त्याने काय केलं असतं? कदाचित काहीच नाही. पण पुढच्या गावात घोडे शिरताना त्याला निदान हे माहीत असतं की आतून आपण कसे दिसतो. आम्हाला मात्र तो अल्बम निघाल्याच्या वर्षभरातच ऐकायला मिळाला होता. चहाबरोबर, आपणहून, एका स्थानिक माणसाच्या हातून. आणि मी तो परत दिला.

मी तो पुन्हा मिळवून ऐकला. मग बँडबद्दल वाचलं. अखू चिंगांगबाम नावाच्या तरुणाने, भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाने, २००८ मध्ये 'इंफाळ टॉकीज' सुरू केला. 'टिड्डिम रोड' २००९ चा. पहिला अल्बम मला नेहमी महत्त्वाचा वाटतो, त्यामागे एक साधं कारण आहे. तो करताना कलाकाराला अजून माहीत नसतं की आपलं कोण ऐकणार आहे. दुसऱ्या अल्बमच्या वेळी श्रोता ठरलेला असतो, टाळ्या कुठे पडतात ते कळलेलं असतं, कधी कधी कोण पैसे देणार तेही. पहिल्यात माणूस घरात बोलतो तसं बोलतो. साहित्यात आपल्याला हे पक्कं ठाऊक आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला, पहिलाच संग्रह. तेव्हा किती जणांनी कपाळाला आठ्या घातल्या! भाषा घाण आहे, आपल्यावर आरोप आहेत. आज तोच संग्रह वगळून मराठी कवितेचा इतिहास सांगता येत नाही. ज्यांनी तेव्हा तो बाजूला ठेवला, ते आपल्याच शहरातल्या एका वस्तीची पहिली बातमी ऐकायला चुकले.

पोवाडा आपल्याला आवडतो. मलाही आवडतो, 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' कानावर पडलं की आजही अंगावर काटा येतो. पण खरं बोलायचं तर पोवाडा आवडायला काही लागत नाही. त्यात घोड्यावर आपण असतो.

फौजेत अशी गाणी तीन प्रकारे ऐकली जातात. मी तिन्ही पाहिली आहेत, दोन स्वतः केली आहेत. पहिला प्रकार, शत्रूचा प्रचार म्हणून. म्हणजे ऐकण्याआधीच निकाल लागलेला. दुसरा, 'इनपुट' म्हणून: कोण गातं, कुठे गातं, किती लोक जमतात, एक पानाचा रिपोर्ट करा. तिसरा, आवाज म्हणून. पोरं आहेत, गिटार बडवतात, सोडून द्या. पहिल्यात राग आहे, दुसऱ्यात काम आहे, तिसऱ्यात आळस आहे. तिन्हीत ऐकणं नाही.

माझं म्हणणं असं की चौथा प्रकार शक्य आहे आणि तो आपल्या कामाच्या आड येत नाही. ऐकायचं, अर्थ विचारायचा, आणि उत्तर न देता दोन दिवस तसंच राहू द्यायचं. कबूल करायचं की हे एका बाजूचं आहे. गाणं ही कोर्ट ऑफ इन्क्वायरी नव्हे. साक्षी-पुरावे मांडायची सक्ती त्याच्यावर नाही. पण ज्याच्या दारात मी रोज उभा आहे त्याला मी कसा दिसतो, याचा दुसरा इतका सरळ पुरावा मला कुठल्याच फाइलमध्ये मिळणार नाही.

माझे कोर्समेट यावर जे म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिला आक्षेप: जवानाच्या मनोधैर्याचं काय? माझा अनुभव असा की जवान आपण समजतो त्यापेक्षा पक्का असतो. गावाला आपण आवडत नाही हे त्याला बाजारात भाजी घेताना रोज कळतं. 'मयांग', म्हणजे बाहेरचा, हा शब्द पहिल्या आठवड्यात त्याच्या कानावर पडतो. सुभेदारसाहेबांना दोन गाण्यांत जे कळलं, ते कळायला मला पाच वर्षं लागली. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ही मंडळी दुसऱ्या बाजूच्या बंदुकांवर का गात नाहीत? उत्तर असं, की या बँडने हिंसेवर गाताना सगळ्या बंदुकांना नावं ठेवली आहेत, आणि त्याची किंमतही मोजली आहे. २९ डिसेंबर २०२३ रोजी अखूला बंदूकधाऱ्यांनी इंफाळमधल्या त्याच्या घरातून उचलून नेलं आणि काही तासांनी सोडलं. ते वर्दीतले नव्हते. नुसता एका बाजूचा भोंगा असता, तर त्या बाजूने त्याला जपलं असतं.

तिसरा आक्षेप कायद्याचा. तो कायदा १९५८ चा आहे. तो असावा का, कुठे असावा, याचा निर्णय संसदेचा आणि सरकारचा. वर्दी अंगावर असेपर्यंत त्यावर माझं मत इथे येणार नाही, आणि ज्यांना ते हवं असेल त्यांची निराशा होईल. पण कायदा वरून येतो आणि ताडपत्री माझी असते. तिच्याखाली कोणाला घ्यायचं, हे मला कोणी दिल्लीहून सांगत नाही.

मणिपूरला मी पुन्हा गेलो. या वेळी कर्नल म्हणून, ३ मे २०२३ नंतरच्या मणिपुरात. त्याबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, आज फक्त रस्त्याबद्दल लिहितो. ज्या टिड्डिम रोडवर १९४४ मध्ये तीन सैन्यं भिडली, त्याच रस्त्यावर आता बिष्णुपूर आणि चुराचांदपूर यांच्या मध्ये 'बफर झोन' आहे. उत्तरेला मैतेई, दक्षिणेला कुकी-झो. इंफाळच्या मैतेई माणसाला पुढे जाता येत नाही, चुराचांदपूरच्या कुकी माणसाला इंफाळच्या विमानतळावर जाता येत नाही. सामान पोचवायचं तर दोन्हीकडे चालणारे ड्रायव्हर लागतात. बरेचदा ते पांगल असतात, म्हणजे मणिपुरी मुसलमान. त्या रस्त्यावर उभं राहिलं की रहदारी नसलेल्या डांबरावर कुत्री झोपलेली दिसतात. २०१० मध्ये याच रस्त्यावर बसगाड्यांची रांग लागे आणि मी त्या रांगेला वैतागत असे.

चुराचांदपूरला १५ ऑगस्ट २०२३ रोजी वीसहून जास्त वर्षांनी हिंदी चित्रपट उघड्यावर दाखवला गेला. चित्रपट होता 'उरी'. आपल्या फौजेचा. त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ज्यांनी आमच्यावर गाणी केली, ती पोरं. एकाच रस्त्यावर एकीकडे आम्ही पडद्यावरचे नायक, दुसरीकडे गाण्यातले खलनायक. आणि पुढच्या वर्षी हे उलटंही होऊ शकतं. सैनिकाने टाळ्यांवर फार विसंबू नये आणि शिव्यांनी फार दुखावूही नये, हे मला कुठल्याही कोर्सपेक्षा त्या रस्त्याने जास्त शिकवलं.

तिथे 'टिड्डिम रोड' मी तिसऱ्यांदा ऐकला. या वेळी राग आला नाही, आणि स्वतःला फटके मारून घ्यावेसेही वाटले नाहीत. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटलं. २००९ च्या त्या तक्रारीत एक रस्ता होता, तो सलग होता, आणि तक्रार करणाऱ्याला वाटत होतं की कोणीतरी ऐकतंय. याच माणसाने पुढे इंफाळच्या एका बालगृहातल्या वेगवेगळ्या जमातींच्या मुलांना एकत्र गाणी करायला लावली होती. ती मुलं आता मोठी झाली असतील. त्यातली कोण बफर झोनच्या कुठल्या बाजूला आहेत, देव जाणे.

गिटार घेऊन तक्रार करणारा मुलगा मला आता धोका वाटत नाही. तो अजून बोलतोय. गाणी बंद पडून त्याच वयाची पोरं काळे कपडे घालून गावाच्या वेशीवर बंदूक घेऊन बसलेली मी दोन्ही बाजूंना पाहिली. त्यातल्या किती जणांच्या घरी खुंटीला गिटार टांगलेली असेल, हा विचार मला नाक्यांवरून फिरताना पुन्हा पुन्हा यायचा.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात मी नाक्यांसाठीच्या स्थायी सूचना नव्याने लिहिल्या. त्यात एक छोटा परिच्छेद घातला. वाद्याची पिशवी तपासायचीच, सूट नाही. पण आडोशाखाली तपासायची. मालकाने स्वतःच्या हाताने उघडायची, वाद्य त्यानेच बाहेर काढायचं, त्यानेच परत ठेवायचं. आपल्या माणसाने फक्त बघायचं. पावसात कधीच नाही.

एक तरुण लेफ्टनंट माझ्याकडे तो कागद घेऊन आला. डेहराडूनहून येऊन वर्षही झालं नव्हतं. "सर," म्हणाला, "वाद्यांसाठी वेगळा पॅरा कशाला? 'सामान' मध्ये येतंच की."

मी त्याला गिटारवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. चार पावलांसकट. मग फोनवर पहिलं गाणं लावून हेडफोन त्याच्या हातात दिले. तो मेरठचा, त्याला मणिपुरी कळण्याचा प्रश्नच नव्हता. गाणं संपेपर्यंत तो उभाच राहिला. संपल्यावर म्हणाला, "सर, हे काय म्हणतोय?"

मी म्हटलं, "बाहेर आपला पोर्टर बसलाय. त्याला विचार. आणि विचारताना त्याला बसायला खुर्ची दे."

तो अर्ध्या तासाने परत आला. चेहरा जरा उतरलेला, कान लाल. मला तो चेहरा ओळखीचा होता. २०१० मध्ये माझाच होता. मी काही समजावलं नाही. त्याला कागद परत दिला. त्याने सही केली आणि नाक्यावर गेला.

ज्यांची मुलं, भाऊ, नवरे अशा ठिकाणी पोस्टिंगवर आहेत त्यांना माझी एक विनंती. फोनवर 'जेवलास का' विचारून झालं की हेही विचारा: तिथली पोरं काय गातात? आणि माझ्या माजी सैनिक मित्रांनो, नागालँड, काश्मीर, मिझोराम, जिथे कुठे तुम्ही दोन-तीन वर्षं काढलीत, तिथल्या एखाद्या बँडचा पहिला अल्बम शोधा आणि ऐका. आता सगळं फोनवर मिळतं. अर्थ कळला नाही तर तिथल्या कोणाला तरी विचारा. त्यात तुमच्याबद्दल काही असेल, आणि ते चांगलं नसेल, तर लगेच बंद करू नका.

त्या ज्युनिअर इंजिनिअरचा नंबर मी शोधतो आहे. जुना लागत नाही. पेन ड्राइव्ह परत देताना 'छान आहे' म्हणालो होतो, ते खोटं होतं, हे त्याला सांगायचं आहे. आणि आता ते खरं झालंय, हेही.